भोकरदनची तार शाबूत होती

मला राग लवकर येतो. ऑफिसात नवा माणूस आला की शेठ माझी ओळख अशीच करून देतात, "या मॅडम. कामाला पक्क्या, डोक्याने गरम." सांगून स्वतःच हसतात. नवा माणूसही हसतो, कारण पगार शेठ देतात. पण भोकरदनच्या प्रकरणात मला आलेला राग हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो अजून गेलेला नाही. भाजी चिरताना मध्येच आठवतं आणि सुरी फळीवर जरा जोरात पडते.

आमची कंपनी म्हणजे जालन्यातली इंटरनेट पुरवणारी एक लहानशी कंपनी. एमआयडीसीच्या रस्त्याला खाली बियाण्यांच्या गोण्यांचं गोदाम, वर आमचं ऑफिस. खिडकी उघडली तर सळईच्या कारखान्यांची काजळी टेबलावर, बंद ठेवली तर जीव गुदमरतो. इथून फायबरच्या तारा निघतात आणि भोकरदनसारख्या गावांत घरोघर, दुकानोदुकानी पोचतात. माझं काम राउटरचं. कोणत्या पत्त्याचा माल, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी-येणारी माहिती, कोणत्या वाटेने पाठवायचा, हे ते यंत्र ठरवतं आणि कसं ठरवायचं ते मी त्याला लिहून देते. तारेचं काम वेगळं. भोकरदनच्या बाजूची तार मामांकडे होती.

मामा ऑफिसातल्या कोणाचेच मामा नाहीत, पण सगळे तेच म्हणतात. मेंढरं राखणाऱ्या घरातले, लहानपणी वडिलांच्या मागे रानोमाळ हिंडलेले, त्यामुळे तारेच्या कडेने मैलोन्मैल चालायचा त्यांना कंटाळा नाही. गरीब बिचारे वगैरे समजू नका. तोंडाने फटकळ, गालात तंबाखू, आणि आपल्या कामाची फुशारकी अशी मारणार की ऐकणाऱ्याने कान झाकावेत. एकदा गावच्या जत्रेत फोन बंद करून बसले होते. ते शेठनी त्यांना कधी विसरू दिलं नाही.

आणि आमच्या ऑफिसची एक रीत आहे. काही बंद पडलं की दोष आधी तारेचा, मग खांबाचा, मग तालुक्याच्या माणसाचा. जालन्याच्या एसीत बसलेला राउटर चुकत नाही. त्याला दसऱ्याला झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात, त्याच्यावर संशय घेणं म्हणजे पाप. ही रीत कोणी कागदावर लिहिलेली नाही, पण मी नोकरीला लागले तेव्हापासून ती मोडलेली पाहिली नाही.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी रजेवर होते. तेवढ्यात शेठच्या भाच्याने राउटरला हात घातला. भाचा पुण्याहून कसलंसं सर्टिफिकेट घेऊन आलेला. सगळे त्याला 'सर' म्हणतात, तो सगळ्यांना नावाने हाक मारतो. भोकरदनला आम्ही इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यांचा एक मोठा गठ्ठा दिलेला होता. भाच्याने त्याचे चार सारखे तुकडे केले. एक बाजारपेठेला, एक शाळा-कॉलेजांच्या बाजूला, असे. का, तर तसं नीटनेटकं दिसतं. दिसतं खरंच. मीही कधी ना कधी ते केलंच असतं. पण घरात वाटण्या झाल्या की वेशीवरच्या माणसाला सांगायला लागतं, ते त्याच्या डोक्यात आलं नाही.

वेशीवरचा माणूस म्हणजे फिल्टर. भोकरदनचा राउटर जालन्याच्या राउटरला सांगतो, 'हे हे पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांचा माल इकडे पाठव.' जालन्याचा राउटर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. उद्या कोणीही उठून भलतेच पत्ते आपले म्हणून सांगेल. म्हणून दाराशी फिल्टर असतो, आणि त्यात लिहिलेलं असतं की भोकरदनकडून कोणता गठ्ठा आला तर आत घ्यायचा. गठ्ठा लिहायची पद्धत अशी: आधी पत्ता, मग तिरकी रेघ, रेघेपुढे एक आकडा. तो आकडा जितका मोठा, तितका तुकडा लहान. आमच्या फिल्टरात बावीस लिहिलेलं होतं. बावीसचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा चोवीसचा होतो.

आता यातली गोम सांगते. आमच्या तीर्थपुरीकडे जेवणाचं आवतन दोन तऱ्हांनी येतं. चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या वेळेला घरी चूल पेटवायची नाही. आणि घरटी एक म्हणजे घरातला एकच माणूस, बाकीच्यांनी आपलं आपलं बघावं. फिल्टरच्या ओळीत नुसतं बावीस लिहिलं की ते घरटी एक झालं. अख्खा गठ्ठा आला तरच आत, त्याच घरातला लहान तुकडा आला तर दारातूनच परत. ओळीच्या शेवटी 'चोवीसपर्यंत चालेल' एवढं जोडलं की ते चूलबंद होतं. भाच्याच्या वाटण्यांनंतर अख्खा गठ्ठा येणारच नव्हता. चार तुकडे आले, आणि चारही परत पाठवले गेले.

हा फरक शिकताना नेटवर्किंगच्या वर्गातल्या पोरांना वेळ लागला होता. मला लागला नाही. माझ्या लहानपणी गावातल्या मोठ्या घरचं लग्न असलं की गावाला चूलबंद आणि आमच्या बुद्धवाड्यात घरटी एक. माझे वडील शाळेत मास्तर. ज्यांच्या पोरांचे पाढे ते पक्के करून घ्यायचे त्यांच्याच घरून हे आवतन यायचं. वडील कधी गेले नाहीत. "एकट्याच्या पोटाची मला काळजी नाही," म्हणायचे, आणि आई चूल पेटवायची.

रजा संपवून ऑफिसात आले तेव्हा भोकरदन बंद होतं आणि शेठ फोनचा स्पीकर लावून मामांना झापत होते. सगळं ऑफिस ऐकत होतं. ऐकावं म्हणूनच स्पीकर होता.

"जत्रेत बसला का पुन्हा?" शेठ म्हणाले.

"शेठ, म्या तारेवरच हाय. राजूरपस्तोर चालत गेल्तो. समदे डबे उघडून पाह्यले," मामा सांगत होते. डबे म्हणजे तारांचे जोड ज्यात बंद करून ठेवतात ते. "तारेतून लाईट बराबर येऊन राह्यली. तार बिलकुल शाबूत हाय."

"मग नेट का बंद आहे?"

"ते मला काहून इचारता? जालन्यात इचारा."

ऑफिसात कोणीतरी फिस्सकन हसलं. शेठनी फोन कापला आणि भाच्याकडे पाहिलं. भाच्याने खांदे उडवले. "फील्डचाच प्रॉब्लेम आहे. आपल्याकडून सगळं ओके दिसतंय."

मी बॅगसुद्धा खाली न ठेवता माझ्या जागेवर बसले. जालन्याहून भोकरदनच्या यंत्राला हाक मारली, त्याने लगेच ओ दिली. तार तुटली असती तर ओ कुठून आली असती? म्हणजे तार ठीक. भोकरदनचं गिऱ्हाईक काही मागत होतं ते बाहेर जातही होतं. परत येणारा माल जालन्यापर्यंत येऊन अडकत होता, कारण पुढची वाटच जालन्याला ठाऊक नव्हती. मी फिल्टर उघडला. भोकरदनहून आलेले चार तुकडे तिथे नाकारलेले म्हणून उघड दिसत होते. हे शोधायला फार अक्कल लागत नाही. पाहायची इच्छा लागते.

भाच्याला बोलावून दाखवलं. तो वाकून बघायला लागला.

"पत्ता तर तोच आहे," पहिल्या तुकड्यावर बोट ठेवून तो म्हणाला. "फिल्टरमध्येही हाच, इथेही हाच. मॅच होतंय की."

"पत्ता तोच आहे. रेघेपुढचा आकडा बघा. तिथे बावीस, इथे चोवीस."

"पण चोवीस बावीसच्या आतच येतो ना?"

"येतो. पण आतल्यांना बोलावलंय असं कुठे लिहिलंय?"

कळलं त्याला, चेहऱ्यावरून दिसलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, माझं चुकलं. चुकतं माणसाचं. ही चूक तर मोठ्या मोठ्या कंपन्यांत शिकलेली माणसं करतात. पत्ता सारखा दिसला की डोळा पुढच्या आकड्यावर जातच नाही. मी त्यावरून त्याला एक शब्दही बोलले नसते. त्याने मान वर केली आणि विचारलं, "शेठना सांगणार नाही ना?"

मी ओळीच्या शेवटी ते 'चोवीसपर्यंत' जोडलं. चहा निवायच्या आत भोकरदन सुरू झालं. शेठनी सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या.

कचोरी हातात घेऊन मी शेठच्या केबिनमध्ये गेले आणि काय झालं होतं ते सांगितलं. तेव्हा कळलं की मी बिघाड शोधत होते तेवढ्यातच भोकरदनच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर मेसेज गेला होता. शेठनी मला तो फोनवर दाखवला, अभिमानाने. 'सदर विभागातील कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे केबल खराब झाल्याने सेवा खंडित झाली आहे. संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' खाली अंगठे, हात जोडलेले. एकाने लिहिलं होतं, बरं झालं, माजला होता.

"शेठ, तार शाबूत होती. चूक आपली होती. त्यांना परत बोलवा आणि ग्रुपवर तसं कळवा."

"बोलावतो की," शेठ म्हणाले. "महिन्याभराने बोलावतो. लोक विसरतात. मेसेज कशाला?"

"लोक विसरतील, मामा कसे विसरतील?"

"मॅडम, पोरगं घरचं आहे. उद्या सगळा धंदा त्याच्याकडे द्यायचाय. गिऱ्हाइकाला कळलं की वरच्याला काही येत नाही, तर काय राहील? तारेचं काय, तार तुटतच असते."

तारेचं काय. त्या क्षणी मला माझ्या हातातली कचोरी त्यांच्या टेबलावरच्या काचेवर आदळावीशी वाटली. आदळली नाही. टेबलावर नीट ठेवली आणि बाहेर आले. या नीट ठेवण्याचा मला आजही संताप येतो.

संध्याकाळी मामांना फोन लावला. ते घरी होते. सकाळी फोन कापल्याबरोबर शेठनी जालन्याहून कंपनीची गाडी पाठवली होती आणि भर बाजारात, भाजीवाल्यांच्या समोर, त्यांच्या हातातून जोड मारायचं मशीन काढून घेतलं होतं. ते मशीन ते लेकराला जपावं तसं फडक्यात गुंडाळून नेत. मी म्हटलं, "मामा, तार शाबूत होती. चूक इकडची होती, आमच्या राउटरची."

"मला ठावंच हाय," ते म्हणाले. फुशारकी नव्हती आवाजात. "नोकरीचं न्हाई काही, ताई. हात चालतात तोवर नोकरी भेटंल. पण मपलं नाव खराब झालं. सकाळपासून जो भेटतो त्यो म्हणून राह्यला, मामा, तार काहून तोडली. किराणावाला म्हणला, आमच्या धंद्याचं नुकसान केलं तुम्ही. त्याच्या दुकानात तार म्या नेल्ती. उन्हात, पायाला काटे घेऊन."

"मी शेठना मेसेज टाकायला लावते."

"टाका जल्दी. मंग झालं."

त्यांना एवढंच हवं होतं. जिथे बदनामी झाली तिथेच दोन ओळी. मी रोज शेठच्या मागे लागले. रोज शेठना वेगळं काम. शेवटी मीच तो मेसेज लिहिला. भोकरदनच्या ग्रुपमध्ये तक्रारी बघायला माझाही नंबर होता. लिहिलं, 'मागच्या वेळी सेवा बंद पडली ती जालन्यातील राउटरच्या चुकीमुळे. भोकरदनची केबल पूर्णपणे ठीक होती. तेथील कर्मचाऱ्याचा काहीही दोष नव्हता.' भाच्याचं नाव घेतलं नाही. पाठवला. लगेच फोन मामांना केला, बघा म्हणून. ते चष्मा शोधत होते. चष्मा सापडेपर्यंत मेसेजच्या जागी 'ॲडमिनने हा मेसेज डिलीट केला' अशी ओळ आली होती, आणि मी ग्रुपच्या बाहेर होते.

"काई दिसून न्हाई राह्यलं, ताई," मामा म्हणाले.

शेठ मला रागावले नाहीत. त्यांनी मला कामावरूनही काढलं नाही. मला काढलं तर फिल्टर कोण लिहिणार? उलट माझा चहा शेठच्या केबिनमध्ये यायला लागला. याची मला जास्त चीड आली. मामांना धुळीत टाकायचं आणि मला गोंजारायचं, हिशोब सरळ होता. आणि महिन्याभराने बोलावतो म्हणाले होते ते भोकरदनला दुसराच माणूस नेमून मोकळे झाले.

मग भाच्याचं लग्न ठरलं. शेठ स्वतः आमच्या भाड्याच्या घरी पत्रिका घेऊन आले. आईच्या पाया पडले, डोळ्याची चौकशी केली. जाताना दारात उभे राहून म्हणाले, "काकू, चूलबंद आवतन आहे बरं का. घरी काही करायचं नाही."

आईचा चेहरा उजळला. मी तो पाहिला. आयुष्यभर घरटी एक ऐकलेली बाई. वडील आता नाहीत, नाहीतर त्यांनाही क्षणभर बरं वाटलं असतं, असं मला वाटून गेलं, आणि त्याचाही राग आला.

"शेठ, भोकरदनच्या मामांना पत्रिका गेली?" मी विचारलं.

"त्याला कशाला?" शेठ हसले. "तो आता आपल्यात आहे का?"

"आणि तो मेसेज?"

"मॅडम, लग्नाघरी हे विषय नका काढू," म्हणाले आणि चपला घालून गेले.

लग्नाच्या दिवशी सकाळीच मी गॅस पेटवला. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. "चूलबंद आलंय ना गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आपणही चूलबंद आवतन दिलंय." मामांना फोन करून सांगितलं होतं, घरचे सगळे या. आईने पदर खोचला आणि वांग्यांचं टोपलं पुढे ओढलं.

भोकरदनच्या बसने मामा, मामी, सून आणि कडेवरचं नातवंड असे आले. मामांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. जेवता जेवता ते बोलायला लागले. नेहमीसारखे, मोठ्याने. आता दुसऱ्या एका केबलवाल्याकडे लागलेत, काम बरं आहे. मग घास हातात धरून म्हणाले, "बसमधी एक जण म्हणला, मामा, आज कोणाची तार तोडायला निघाले? समदी बस हासली."

"मग तुम्ही काय म्हणालात?" आईने विचारलं.

"म्या बी हासलो. काय करू मंग? एकेकाला कुठं सांगत बसू?"

मामींनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. सून नातवंडाला भरवत होती. मी भाकरी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि गॅसपाशी उभी राहिले. बाहेर मामांनी नातवंडाला काहीतरी गंमत सांगितली आणि ते खिदळलं.

अजून मी त्याच ऑफिसात आहे, फिल्टर मीच लिहिते, आणि शेठ अजून माझी ओळख तशीच करून देतात. ग्रुपमध्ये मला परत घेतलेलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. भोकरदनची तार शाबूत होती. चूक जालन्यातल्या एका ओळीची होती, आणि ती करणाऱ्याला ती कळली होती. हे डिलीट करायचं बटण शेठच्या फोनमध्ये नाही.